सुरक्षित विभाग

पहिली पाटी मी स्वतः लिहिली. पुठ्ठ्यावर, लाल मार्करने, एरवी येत नाही तसं वळणदार अक्षर काढून:

बाहेरच्या व्यक्तींना आत प्रवेश नाही

चिकटवून वळते न वळते तोच बेल वाजली. दारात एक बाई. हातात फळांची पिशवी, मास्क हनुवटीवर.

"मी कंडक्टरची नणंद."

"पाटी वाचलीत का?"

"वाचली की. बाहेरच्यांना नाही म्हणून लिहिलंय."

"मग?"

"मग मी काय बाहेरची आहे? सख्खी नणंद आहे मी!"

आणि असा चेहरा केला, जणू मीच तिला माहेरातून हाकलून दिलं होतं.

आमचा विभाग तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. इथे रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण असतात. आम्ही जे औषध देतो ते वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं. मग मधले काही दिवस असे जातात की माणसाच्या अंगात रोगाशी लढणारी पांढरी पेशी औषधालाही सापडत नाही. त्या दिवसांत साधी सर्दीसुद्धा जीव घेऊ शकते. आणि खाली तर साथीचे रुग्ण, पहिल्या दोन मजल्यांवर खाटेला खाट लागलेली, चालू लिफ्ट एकच, त्यामुळे आम्ही ठरवलं होतं की

बेल.

"जरा तोंड दाखवून जाते हो ताई." नणंद अजून तिथेच. "दोन मिनिटं."

"तोंड झाका आधी."

"झाकलं तर दाखवणार कसं?"

पिशवी बाहेर ठेवून घेतली. नणंदेला जिन्यापर्यंत पोचवलं. पुठ्ठा काढला.

आत दोन नंबरच्या खोलीत कंडक्टर. खरीखुरी कंडक्टर, शहर बसवरची. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. डोक्यावर एक केस नाही, अंगात त्राण नाही, पण आवाज मात्र भरल्या बसच्या मागच्या दारापर्यंत पोचणारा. तिच्या पेशी खाली आल्या होत्या, जवळजवळ शून्यावर. त्या पुन्हा वर येईपर्यंत तिला कसलाही संसर्ग होऊ द्यायचा नव्हता. माझं काम एवढंच.

"कोण होतं हो सिस्टर?"

"तुमची नणंद."

"पाठवलीत परत? वा! मला बारा वर्षांत जमलं नव्हतं."

दुसरी पाटी.

नातेवाइकांना आत प्रवेश नाही. घरच्यांनाही नाही.

बेल. डेपोतला एक माणूस, खाकी कपड्यात, घामाघूम.

"नातेवाइकांना बंद आहे," मी दार किलकिलं करून म्हटलं.

"हां, ते वाचलं. पण मी नातेवाईक नाही. आमचं काही नातंच नाही. उलट भांडण होतं."

"मग कशाला आलात?"

"तेच मिटवायला. उद्या काही बरंवाईट झालं तर मनाला लागून राहील ना!"

आतून कंडक्टर ओरडली, "सुट्ट्या पैशांवरून भांडला होता तो! मिटवायचं असेल तर म्हणावं, मी बरी होईपर्यंत थांब!"

तो हसला, खोकला, आणि खोकला म्हणून मी दार लावून घेतलं. त्याला राग आला. मलाही आला. मागे लोक मला कडी म्हणतात हे मला माहीत आहे. दाराच्या आतली कडी. म्हणू देत. कडीचं कामच

बेल.

यावेळी दार न उघडताच तिसरी पाटी लिहायला घेतली. आता पळवाटच ठेवायची नाही.

कोणालाही आत प्रवेश नाही

आणि काय सांगू! सकाळभर एकदाही बेल वाजली नाही. मी खुर्चीत टेकले. चहा गरम असताना प्यायले. दुपार कलली तेव्हा लक्षात आलं की कचऱ्याचे डबे भरून वाहतायत, रुग्णांचं जेवण आलेलं नाही आणि रक्ताचे नमुने सकाळपासून तसेच पडलेत.

दार उघडलं. सफाईच्या मावशी उलट्या बादलीवर बसलेल्या. शेजारी जेवणाची गाडी, गाडीवाले मामा भिंतीला टेकून पेंगत होते. पलीकडे प्रयोगशाळेचा माणूस.

"मावशी! अहो, आत का नाही आलात?"

"कोणालाही नाही म्हणून लिहिलंय."

"पण तुम्ही..."

"का? मी कोणीच नाही का?"

विनोद होता की रुसवा, मास्कमुळे कळलं नाही. नणंद, भांडणवाला, शेजारी, शेजाऱ्यांचे शेजारी, सगळ्यांनी पाट्यांमधून वाट काढली होती. अडवले गेले ते फक्त आम्हाला हवे असलेले लोक. पाटी ऐकणारा आणखी एकच माणूस होता, आणि तो वर यायचाच नाही.

कंडक्टरचा नवरा. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, वर येऊ नका. तेव्हापासून तो पार्किंगमधल्या खांबाला टेकून उभा असायचा. ड्यूटी संपली की येऊन उभा. ड्रायव्हर माणूस. पाटी दिसली की पाय ब्रेकवर. धुतलेले कपडे मामांच्या हाती वर पाठवायचा आणि खालून फोन करायचा. ती खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बोलायची.

"अहो, जेवलात का?"

"..."

"खोटं बोलू नका. खोटं बोलताना तुम्ही आधी 'हो हो' म्हणता."

"..."

"माझं काय व्हायचंय? सिस्टर आहेत ना. मुंगीला आत सोडत नाहीत. परवा एक मुंगी आली तर तिला विचारलं, कोणाची कोण?"

फोन ठेवला की ती बराच वेळ काचेपाशी तशीच बसायची. मी बोलावलं असतं तर तो एका दमात तीन मजले चढून आला असता. मी बोलावलं नाही. निदान एक माणूस तरी ऐकतोय, या समाधानात होते.

मग मी कार्यालयाकडे पहारेकरी मागितला. दाराशी एक माणूस बसवा, बाकी काही नको. कार्यालयाने विचार केला. पहारेकरी आला नाही. पाटी आली. निळी, पत्र्याची, ढालीचं चित्र काढलेली. चार स्क्रू पिळून बसवलेली.

सुरक्षित विभाग

सुंदर पाटी होती, नाही म्हणणार नाही. त्याच दुपारी कार्यालयातला कारकून डबा घेऊन हजर. आमच्या खोलीत गरम करायला.

"खाली फार धोका आहे हो सिस्टर. तुमच्याकडे कसं, सुरक्षित."

दुसऱ्या दिवशी त्याने एक्स-रेवाल्याला आणलं. तो जेवला आणि बाकावर आडवा झाला. मग नोंदणीच्या खिडकीवरच्या दोघी, पाणी प्यायला. "इथली हवाच वेगळी," त्यातली एक म्हणाली आणि मास्क काढून तिने ती हवा छातीभर घेतली.

मी कारकुनाला दाराबाहेर काढलं. पाटीवर बोट ठेवलं.

"याचा अर्थ काय?"

"सुरक्षित."

"कोण?"

"इथे जो येईल तो."

"अहो, आत जे आहेत ते! हा विभाग तुमच्यापासून सुरक्षित ठेवायचाय!"

"माझ्यापासून?" कारकून मनापासून दुखावला. "मला काय झालंय? मी रोज वाफ घेतो."

भिंतीवर डोकं आपटावं तर त्या भिंतीला टेकूनच एक्स-रेवाला झोपलेला.

मग अधीक्षकांचा फोन आला. माझ्या बाजूचं तेवढं लिहिते.

"हो सर."

"बैठक? चालेल सर, मी येते."

"म्हणजे? इथे?"

"सर, ही खोली विभागाच्या आत आहे. तिथे जायला रुग्णांच्या खोल्यांसमोरून..."

"कुठली समिती सर?"

"संसर्ग प्रतिबंध समिती."

"नाही सर, हसत नाहीये."

"सर, तुम्ही समजा तुमच्याच..."

"सर?"

अधीक्षक वाईट माणूस नाही. त्यांच्या कार्यालयातले दोघे साथीत गेले होते, आणि त्या दोघांचे फोटो त्यांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवले होते. दारात मी आडवी उभी राहिले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, खालची हवा मलाही कळते. माझ्या माणसांना बसवू कुठे? साऱ्या इमारतीत एकच जागा स्वच्छ आहे. तुम्हीच ठेवलीत. कौतुकच आहे तुमचं."

कौतुक. चांगलं काम केल्याची शिक्षा. खोबरं तिकडे चांगभलं म्हणतात, तसं स्वच्छता तिकडे बैठक.

बैठकीचा विषय होता: कर्करुग्ण विभागातील गर्दी कशी टाळावी. खोलीत बसायला जागा पुरली नाही म्हणून चार जण उभे राहिले. चहा आला. चहासाठी सगळ्यांनी मास्क खाली केले, मग चर्चा रंगली म्हणून ते खालीच राहिले. एक जण हात धुवायची जागा शोधत बाहेर पडला. मी धावले. माझ्याआधी त्याने दोन नंबरचं दार उघडलं होतं. अर्धं बिस्किट तोंडात, अर्धं हातात.

"सॉरी, सॉरी. चुकलं."

कंडक्टर अंथरुणात उठून बसली होती. पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलेलं. ती पहिल्यांदाच काही विनोद करेना. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "सिस्टर, काही होणार नाही ना?"

मी 'हो हो' म्हणाले नाही. पण जवळजवळ तसंच काहीतरी म्हणाले.

बैठक संपल्यावर मी पुठ्ठा घेतला. लाल मार्कर घेतला. यावेळी अक्षर सुंदर काढलं नाही. निळ्या पाटीवर, ढालीसकट, डकवून टाकलं:

संसर्ग विभाग. आत बाधित रुग्ण आहेत.

शांतता.

कारकून लिफ्टमधून डबा घेऊन बाहेर पडला, चार पावलं आला, वाचलं, आणि लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत परत लिफ्टमध्ये. पाणीवाल्या दोघी जिन्यातूनच वळल्या. अधीक्षकांनी फोनवर विचारलं, "हे काय सिस्टर?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला काही माहीत नाही." समितीची पुढची बैठक दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयात ठरली.

"खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात," मावशी फरशी पुसत म्हणाल्या. "इथे तर नुसती झोप आली लोकांना."

खरंच, रुग्ण दुपारी झोपायला लागले. मी मावशींना सांगून ठेवलं होतं, जेवणाच्या मामांना, प्रयोगशाळेच्या माणसाला, डॉक्टरांना. रुग्णांनाही. वर येऊन गेलेल्या प्रत्येक नातेवाइकाला फोन करून समजावलं होतं की हे लोकांना लांब ठेवण्यासाठी आहे, घाबरू नका. वर येणाऱ्या एकूण एक माणसाला सांगितलं.

तो वर येतच नव्हता. ती त्याला फोनवर सांगेल असं मी धरलं, मी सांगितलं असेल असं तिने.

त्याचे कपडे वर आणणारे मामा त्या दिवशी बदलले होते. नव्या मामांनी पिशवी वर आणली, पाटी पाहिली, आणि पिशवी तशीच खाली नेऊन त्याच्या हातात दिली. "वर बाधित लोक ठेवलेत आता. मी नाही जायचो," म्हणाले. हे मला नंतर कळलं.

मला आधी दिसलं ते असं: दुपारी जेवणाची गाडी आत घ्यायला मी दार पूर्ण उघडलं होतं, आणि गाडीच्या बाजूने एक माणूस आत घुसला. बेल नाही, विचारणं नाही. मास्क एका कानाला लोंबकळत होता. इतके दिवस मी त्याला वरून पाहिलं होतं, डोकं आणि खांदे. समोरून ओळखेपर्यंत तो दोन नंबरमध्ये होता.

मी पोचले तेव्हा त्याने तिला पांघरुणासकट उचललं होतं.

"चल. घरी चल."

"अहो! खाली ठेवा! कुठे घरी?"

"इथे नाही राहायचं. इथे सगळे बाधित आहेत."

"कोण म्हणालं?"

"दारावर लिहिलंय! एवढ्या मोठ्या अक्षरात!" धापा टाकत होता. त्याचा श्वास तिच्या चेहऱ्यावर. मला तेवढंच दिसत होतं. "मी म्हटलं सिस्टर बघतायत, सिस्टर आहेत... आणि इथे..."

"अहो, ते खोटं आहे," कंडक्टर म्हणाली. "लोक येऊ नयेत म्हणून लावलंय. मास्क! मास्क लावा आधी!"

"खोटं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

त्याने तिला हळूच खाली ठेवलं. पांघरूण सारखं केलं. मग मास्क लावला, आता, नीट, नाकावर चिमटा दाबून. भिंतीला पाठ लावून जितकं लांब जाता येईल तितकं लांब गेला. मी ओरडायची वाट पाहत होते. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि दोघांना बरं वाटलं असतं.

"मग मी आत्ता काय केलं?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला ताप आला.

थंडी वाजून. दात एकमेकांवर आपटत होते. आम्ही लगेच रक्त काढलं, शिरेतून औषध सुरू केलं, तिच्या नाकातला नमुना पाठवला, त्याच्याही नाकातला पाठवला. मी मनातल्या मनात एक रांग लावली. बिस्किटवाला. कारकून. एक्स-रेवाला. अधीक्षक. नवरा. आणि रांगेच्या तोंडाशी मी, मार्कर घेऊन. अहवाल येईल आणि रांगेतलं कोणीतरी पुढे येईल. मग मी त्याला असं झाडणार होते, असं की साऱ्या इमारतीने ऐकावं.

त्याचा अहवाल आला. त्याला काही नव्हतं. तिचाही आला, तिला साथीचा संसर्ग नव्हता. मग रक्ताचा आला. डॉक्टरांनी दोनदा वाचला.

"आतड्यातले जंतू आहेत. तिचेच."

"म्हणजे?"

"आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात तेच. पेशी शून्यावर असल्या की ते रक्तात उतरतात. बाहेरून कोणी आणलेले नाहीत, सिस्टर. दार बंद ठेवलं असतं तरी हे होऊ शकलं असतं."

मी कपाटाचं दार उघडलं आणि आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. झाडायला कोणी उरलंच नव्हतं. एवढ्या पाट्या, एवढी भांडणं, आणि जंतू आधीपासून खोलीत, तिच्याबरोबर, एकाच ताटातलं जेवत. आणि तरी दार बंदच ठेवायला हवं, कारण बाहेरचे जंतूही आले असते तर ती यातून वाचली नसती. हे कोणाला समजावून सांगणार? कोणत्या पाटीवर मावेल?

मी खाली गेले. तो खांबापाशी होता. टेकून नव्हता, नुसता उभा.

"तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. "तुमचा काही संबंध नाही. तिच्याच आतड्यातले जंतू निघाले."

"बरं."

"खरंच सांगतेय."

"हो ना." टोमणा नव्हता त्यात. समजूतदारपणा होता, तो जास्त लागला. "माणसाला बरं वाटावं म्हणून सांगावं लागतं. माझं काही नाही. मला बरं वाटलं."

"अहो, अहवाल दाखवू का? लिहिलंय त्यात!"

"लिहिलेलं असतं," तो म्हणाला.

औषध लागू पडलं. ताप एक दिवस खेळवत राहिला, मग उतरला. ती पाणी मागू लागली, मग मीठ कमी आहे म्हणू लागली, मग मामांना गाडी लावायची पद्धत शिकवू लागली. पेशी वर येऊ लागल्या, आधी हळू, मग बऱ्या. डॉक्टर म्हणाले, आता घरचं एक माणूस, तपासणी करून, मास्क लावून, थोडा वेळ, चालेल.

दरम्यान कार्यालयाने येऊन माझा पुठ्ठा फाडला आणि निळी पाटीही काढून नेली. ती आता वाचनालयाच्या दारावर आहे.

मी त्याला फोन केला. तो वर आला, जिन्याने. हात धुतले, कोपरापर्यंत. मास्क असा बांधलेला की डोळ्यांखाली वळ उठलेला. दाराशी आला आणि थांबला.

"या ना आत."

तो दाराकडे पाहत होता. वर, खाली, कडेला. स्क्रूच्या चार भोकांपलीकडे दारावर काही नव्हतं.

"मी सांगतेय ना," मी म्हटलं. "डॉक्टरांची परवानगी आहे."

"तुम्ही सांगताय, हो."

"मग डॉक्टरांना बोलावू?"

"नको, त्यांना कामं असतील. मी इथे बरा आहे."

"अहो, इतके दिवस लोक माझ्याशी भांडून आत यायचे! आणि तुम्हाला मी हात जोडून बोलावतेय तर तुम्ही..." आवाज चढला माझा. चढू दिला. "काय करू म्हणजे याल? लिहून लावू?"

तो अदबीने उभा राहिला, उंबऱ्याबाहेर.

आतून आवाज आला. "अहो! आत येताय की नाही?"

"तू ये ना जरा इकडे," तो म्हणाला. "लांबूनच बघतो."

"मी? इथे अंगात जीव नाही माझ्या! पहिल्यापासून हेच. गाडी जागेवर लावायची आणि सवारीने चालत यायचं!"

खाट करकरली. मी धावणार होते, मावशींनी माझा हात धरला. ती आली. सलाईनचा दांडा, चालत्या बसमधला दांडा धरावा तसा घट्ट धरून, दोन पावलं, थांबा, दोन पावलं. दारापासून बरीच अलीकडे थांबली. तो पलीकडे. मध्ये रिकामी फरशी आणि मी.

"वाळलात," ती म्हणाली.

"तूही."

"मास्क जरा खाली करा बघू. एक क्षणभर. तोंड तरी दिसू दे नीट."

त्याचा हात कानाकडे गेला.

"खबरदार!" मी ओरडले. "अजिबात खाली करायचा नाही!"

हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सिग्नल बिघडलेल्या चौकात ड्रायव्हर दिव्याकडे पाहतो तसं, हे तरी मानायचं का, असं.

"हे खरं आहे," मी म्हटलं. "अहो, शपथ घेते, हे खरं आहे हो!"